वरळीच्या टेकडीतला बेडूक

१९८६ साली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, मी बेडकाचा सांगाडा पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जुळवला. प्रॅक्टिकलला चिरलेला बेडूक घरी आणायचा, पातेल्यात उकळायचा, मांस सुटं करायचं, हाडं उन्हात वाळवायची आणि काळ्या कागदावर फेव्हिकॉलने चिकटवायची. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो. आईने त्या पातेल्याला नंतर कधी हात लावला नाही. दिवाळीच्या आधी बाबा भिंतींना रंग काढायचे, तेव्हा ब्रश बुडवायला ते कामी यायचं.

पण सांगाडा झाला सुरेख. पाठीचे नऊ मणके, आणि शेपटीच्या जागी मागे सरळ जाणारं एक लांब हाड, त्याला युरोस्टाइल म्हणतात. पुढच्या पायातली दोन हाडं मिळून एक झालेली, मागच्या पायातही तसंच. दिव्याखाली धरलं की त्या जोडहाडावर एक बारीक पन्हळ दिसते. दोन हाडं जिथे एकमेकांना चिकटली, त्या जागेची ही रेघ. मी त्या रेघेवरून नख फिरवत बसायचे.

मी जिथे बसून हे करत होते, तिथून चालत अर्ध्या तासाच्या आत, वरळीच्या टेकडीत, असेच सांगाडे दगडात आहेत, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत नाही, कॉलेजात नाही. ते मला कळलं लग्न होऊन नागपूरला आल्यावर, तिथल्या एका ग्रंथालयात, भूशास्त्राच्या जुन्या पुस्तकातल्या एका ओळीत. ‘मुंबई बेटावर वरळी येथे बेडकांचे जीवाश्म सापडतात.’ एवढंच. ती ओळ वाचून मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले होते. माहेरची आठवण म्हणून आजवर मी चाळीचा जिना, मिलचा भोंगा, कोळीवाड्यातला सुक्या मासळीचा वास, एवढंच जपलं होतं. त्यात आता सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा एक बेडूक आला.

त्यानंतर मी मिळेल ते वाचत गेले. ही नोंद खूप जुनी आहे. मुंबईत रेल्वेच्या कामासाठी आलेले इंजिनिअर जी. टी. क्लार्क यांनी बेटाच्या भूरचनेवर एक टिपण लिहिलं, आणि त्याला जोडून १८४७ साली लंडनच्या रिचर्ड ओवेननी या चिमुकल्या बेडकांचं वर्णन केलं. हे तेच ओवेन, ज्यांनी पाच वर्षांपूर्वी ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवला होता. त्यांनी नाव दिलं ‘राना पुसिला’. ‘राना’ म्हणजे बेडूक, ‘पुसिला’ म्हणजे एवढुसा. त्या काळी जवळजवळ कुठलाही बेडूक ‘राना’तच जमा व्हायचा. पुढे ८३ वर्षांनी, १९३० मध्ये, न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधले जी. के. नोबल यांनी हाडं पुन्हा तपासली आणि हा ‘राना’ नाहीच असं सांगून त्याला नवीन प्रजातीनाम दिलं, ‘इंडोबॅट्रॅकस’. पूर्ण नाव इंडोबॅट्रॅकस पुसिलस. मला हे नाव फार आवडतं. हिंदुस्थानचा एवढुसा बेडूक.

आता तो दगडात गेला कसा, ते सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. आपला सगळा दख्खन म्हणजे लाव्ह्याचे थर. एक थर आला, थंड झाला, त्यावर दुसरा आला. पण हे एका दमात झालं नाही. दोन थरांच्या मध्ये कधी कधी मोठी उसंत मिळायची. तेवढ्या काळात खोलगट जागी पाणी साचायचं, गाळ बसायचा, शेवाळ धरायचं, झाडंझुडपं यायची. मग पुन्हा लाव्हा येऊन ते सगळं झाकून टाकायचा. भाकऱ्यांच्या चवडीत मध्येच चटणीची एखादी पातळ रेघ दिसावी, तशी ही गाळाची रेघ. भूशास्त्रज्ञ तिला इंटरट्रॅपियन थर म्हणतात. वरळीची रेघ काळ्या शेल दगडाची, म्हणजे गाळ दाबला जाऊन झालेल्या पापुद्र्यांच्या दगडाची आहे. मुंबईचे लाव्ह्याचे थर दख्खनच्या या सगळ्या उद्रेकातले अखेरचे.

त्या काळ्या पाटीसारख्या दगडात बेडकांचे अख्खे सांगाडे मिळाले. ‘अख्खे’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण मी ती हाडं सुटी झालेली पाहिली आहेत. मेलेला बेडूक पाण्यात पडला की त्याचं मांस झपाट्याने कुजतं, आणि मग हाडं विखरायला जराशी ओढ पुरते. नुसत्या पातेल्यातल्या उकळीने माझ्या बेडकाची बोटं निखळली होती, ती चिमट्याने गोळा करताना माझा सबंध रविवार गेला होता. वरळीत ती जागच्या जागी राहिली, याचा अर्थ त्या पाण्याला ओढ नव्हती, तळाशी मऊ चिखल होता आणि त्या तळाला प्राणवायू इतका कमी की कुरतडायला कुणी येत नव्हतं. दगडाचा काळा रंगही तेच सांगतो. न कुजलेला पालापाचोळा त्यात मुरलेला आहे.

आणि पाणी गोडं होतं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून ओढून घेतो. त्याच कातडीतून तो श्वासाचाही बराचसा भाग भागवतो. अशा कातडीचा प्राणी खाऱ्या पाण्यात टाकला तर मीठ त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं आणि तो वाळत मरतो. आज वरळीच्या पश्चिमेला उभं राहिलं की समोर नुसता समुद्र. जिथे बेडकांची वस्ती होती, त्या जागी तेव्हा खारं पाणी नव्हतं, गोड्या पाण्याचं संथ तळं होतं. त्याच थरांत पाणकासव सापडलं, ते एच. जे. कार्टर या मुंबईतल्या डॉक्टरांनी १८५२ मध्ये नोंदवलं. उत्तरेला जोगेश्वरीच्या आंबोली टेकडीतल्या अशाच थरातून आणखी एक कासव आलं, संकुचेमिस नावाचं, मान आत न ओढता बाजूला वळवून घेणाऱ्या जातीतलं.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. बेडूक काही आभाळातून पडत नाही. वाऱ्याबरोबर बी येईल, शेवाळाचा कण येईल, पंख असलेला किडा येईल. बेडकाला मात्र उड्या मारत, ओल्या जमिनीवरून, एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात यावं लागतं. खाली गोठलेला लाव्हा, काही काळाने वरून पुन्हा लाव्हा, आणि मधल्या तळ्यात बेडकांची पिढ्यानपिढ्या वस्ती. म्हणजे जवळपास कुठेतरी अशी जमीन शिल्लक होती, जिथे लाव्हा पोचला नव्हता किंवा पोचून बराच काळ लोटला होता. त्या काळाचं चित्र काढताना आपण सगळीकडे लाल आग आणि धूर दाखवतो. वरळीचा बेडूक सांगतो की त्या आगीच्या मधल्या सवडीत पावसाळे होते, शेवाळलेली तळी होती आणि बहुधा रात्री डरावही होता.

नोबल यांनी आणखी एक म्हटलं. या बेडकाची हाडं त्यांना ऑस्ट्रेलियातल्या बेडकांच्या एका कुळाशी जुळणारी वाटली. मुंबईचा बेडूक आणि त्याचे चुलते ऑस्ट्रेलियात! ते हे छापत होते १९३० मध्ये. खंड सरकतात असं मांडणारे आल्फ्रेड वेगनर त्याच वर्षी ग्रीनलंडच्या बर्फात वारले, आणि तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञ त्यांचं म्हणणं उडवून लावत होते. इंडोबॅट्रॅकसच्या नात्याबद्दल नंतर मतभेद झाले, आजही आहेत. पण त्याच्या काळात भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला एक मोठं बेट होता आणि वर्षाला १५ सेंटिमीटरच्या वर वेगाने उत्तरेला निघाला होता, याबद्दल आता वाद नाही. आपली नखं वाढतात त्याच्या तिप्पट-चौपट वेग. त्या बेटावरच्या प्राण्यांचे सोयरे दक्षिणेच्या खंडांवर असणार, हे मग ओघानेच येतं.

नागपूरला आल्यावर मला कळलं की इथेही एक उभयचर माझी वाट बघत होता, आणि तो वरळीकरापेक्षा कितीतरी जुना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी इथे राहत होते. त्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण हा माणूस हातोडी घेऊन विदर्भाचे दगड फोडत हिंडायचा, हे माझ्या सहकाऱ्यांतही फार थोड्यांना माहीत होतं. हिस्लॉप आणि त्यांचे जोडीदार रॉबर्ट हंटर यांना नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथल्या वाळूच्या दगडातून एक कवटी मिळाली. ती लंडनला गेली, पुन्हा ओवेन यांच्याच टेबलावर, आणि १८५५ मध्ये तिचं नाव ठरलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा. ओवेननी त्याला सरपटणाऱ्यांत घातलं होतं, आज त्याची जागा उभयचरांत आहे. काळ ट्रायासिक, म्हणजे चोवीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले. टाकळघाटच्या रस्त्याने जाताना मी तो ओढा ओलांडते तेव्हा हात आपोआप जोडले जातात.

ब्रॅकिऑप्स ज्या प्राण्यांतला, त्यांना लॅबिरिंथोडॉन्ट म्हणायचे. लॅबिरिंथ म्हणजे चक्रव्यूह. नाव दातांवरून पडलं. दात आडवा कापून त्याची पातळ चकती भिंगाखाली धरली तर आतलं दंतद्रव्य कडेपासून मध्याकडे वळ्यावळ्यांनी घुसलेलं दिसतं. अकरावीच्या मुलांना मी हे चित्र दाखवते तेव्हा कुणीतरी हमखास ‘मॅडम, चकली!’ म्हणतं. मी म्हणते, चकली नाही, अभिमन्यू शिरला तो व्यूह. मग वर्गात पाच मिनिटं महाभारत चालतं आणि ती मुलं तो दात विसरत नाहीत.

मांगलीच्या त्याच दगडात एस्थेरिया नावाच्या, शिंपल्यात राहणाऱ्या इवल्या कोळंबीसारख्या जिवांचा खच मिळाला. कोकणच्या सड्यावर पावसाळ्यात जी उथळ डबकी भरतात, त्यांत यांचे भाऊबंद आजही असतात. अंडी वाळक्या मातीत पडून राहतात, पाऊस पडला की फुटतात, डबकं आटायच्या आत जन्म, वाढ आणि नवी अंडी सगळं उरकतं. रुंद तोंडाचा उभयचर आणि शेजारी एस्थेरिया, या दोघांवरून मांगलीचा पाऊस हंगामी होता, भरणारं आणि आटणारं पाणी होतं, असं मी समजते.

या रुंद डोक्यांच्या कुळाचे सोयरे मिळाले ते ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत आणि अंटार्क्टिकात. अंटार्क्टिकाची हकिगत मला पाठ आहे. १९६७ च्या डिसेंबरात न्यूझीलंडचे भूशास्त्रज्ञ पीटर बॅरेट तिथल्या ग्रॅफाइट पीक नावाच्या डोंगरावर काम करत असताना त्यांना हाडाचा एक लहानसा तुकडा सापडला. अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ एडविन कोल्बर्ट यांनी तो ओळखला. लॅबिरिंथोडॉन्टच्या जबड्याचा तुकडा. त्या खंडावर मिळालेला, जमिनीवरच्या कणा असलेल्या प्राण्याचा तो पहिला जीवाश्म. बर्फाच्या खंडावर गोड्या पाण्याचा प्राणी, ज्याचे भाऊबंद आफ्रिकेत आणि आपल्याकडे! समुद्र पोहून गेला म्हणावं तर कातडी परवानगी देत नाही. चालत गेला असेल, तर जमीन जोडलेली हवी. कोल्बर्ट १९६९-७० च्या मोहिमेत स्वतः गेले आणि आणखी जीवाश्म मिळाले. दक्षिणेचे सगळे खंड एकेकाळी गोंडवन नावाच्या एकाच भूखंडात जोडलेले होते, ही कल्पना ज्यांना पटत नव्हती, त्यांच्यापुढे असा एकेक तुकडा येत गेला. आणि ‘गोंडवन’ हे नाव तरी कुठलं? आमच्या मध्य भारतातल्या गोंडांच्या राज्याचं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुने सगळेच उभयचर गोड्या पाण्याचे नव्हते. ट्रेमॅटोसॉर नावाचे लांब तोंडाचे काही जण ट्रायासिकमध्ये समुद्रात राहत होते, त्यांची हाडं सागरी थरांत मिळतात. म्हणून एकट्या हाडावरून निकाल द्यायचा नसतो. दगड कसला, शेजारी कोण, हाडं विखुरलेली की जुळलेली, हे सगळं बघायचं. वरळी आणि मांगलीला शेजारी साक्ष देतात, म्हणून मी इतक्या खात्रीने बोलते.

हाडाच्या आतही लिहिलेलं असतं. प्राणहितेच्या पलीकडे, तेलंगणातल्या मालेरीच्या लाल चिखलदगडात, मगरीसारख्या चपट्या डोक्याचा एक मोठा उभयचर मिळतो. १९६५ मध्ये त्याचं वर्णन मेटोपोसॉरस म्हणून झालं आणि २०१८ पासून तो पँथासॉरस म्हणून ओळखला जातो. त्याचे नातलग पोलंड, जर्मनी, मोरोक्को, अमेरिका इथे. पोलंडमधल्या क्रासिएयूव्हला मिळालेल्या अशा प्राण्यांच्या हाडांचे काप घेतले, तर झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळं दिसतात. चांगल्या दिवसांत हाड भराभर वाढलं, वाईट दिवसांत वाढ मंदावली. ओला ऋतू, कोरडा ऋतू, पुन्हा ओला. सगळे खंड एकत्र होते तेव्हाच्या पावसाचं वेळापत्रक असं एका मांडीच्या हाडात मिळतं. सिरोंच्याकडची माझी एक विद्यार्थिनी होती, तिला मी म्हटलं, अगं, तुझ्या गावच्या नदीपलीकडे हे निघतं. ती दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन करून, मालेरीला जायला कुठली एसटी मिळते ते विचारून आली.

लॅबिरिंथोडॉन्टांतले हे मोठे उभयचर हळूहळू संपले, पण एक फार उशिरापर्यंत टिकला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियात कूलासुकस नावाचा, सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा तो भाग दक्षिण ध्रुवाजवळ होता. मगरींना तिथली थंडी सोसत नव्हती, म्हणून नदीतली मगरीची जागा याला मोकळी राहिली, असं अभ्यासकांना वाटतं.

आणि बेडकांमध्ये, जुन्या वंशातला, आजही जिवंत असलेला एक आहे. २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसाइट यांनी केरळच्या इडुक्कीतून एक जांभळा, फुगीर, टोकदार नाकाचा बेडूक जगापुढे आणला, नासिकाबॅट्रॅकस. ‘नासिका’ आपलाच शब्द. वर्षभर जमिनीखाली राहतो आणि पावसाच्या तोंडावर जेमतेम पंधरवडाभर वर येतो. त्याचे सगळ्यात जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर आहेत, सुमारे ३,००० किलोमीटरवर. सेशेल्स आणि भारत एका तुकड्यात होते, ते तुटले वरळीच्या बेडकाच्याच सुमारास. जमीन तुटली, बेडूक दोन्हीकडे राहिले.

दोन वर्षांपूर्वी भावाकडे गेले होते, तेव्हा वरळीच्या टेकडीच्या उताराला एका इमारतीच्या पायाचं खोदकाम चालू होतं. पत्र्याच्या फटीतून मला काळा, पापुद्र्यांचा दगड ढिगाने पडलेला दिसला. मी वॉचमनला विनंती केली. तो म्हणाला, “ताई, हा तर भराव आहे, ट्रक येतील रात्री. दगड कशाला पाहिजे तुम्हाला?” मी म्हटलं, “दादा, यात बेडूक असू शकतो.” त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन स्वतःच्या हाताने ताटाएवढी एक लादी आणून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले तर ढीग नव्हता. त्या ढिगात काय होतं ते कुणी पाहिलं नाही. ज्यांनी परवानग्या दिल्या त्यांना आणि ज्यांनी खोदलं त्यांना, एका भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला दोन दिवस त्या खड्ड्याशी बसू द्यायला काय लागलं असतं? इमारत दोन दिवस उशिरा झाली असती. हे मी रागाने लिहिते आहे.

ती लादी मी नागपूरला आणली. ओल्या फडक्यात गुंडाळून एक रात्र ठेवली आणि बोथट सुरीने पापुद्रे उकलले. बेडूक निघाला नाही. देठाचे काळे ठसे निघाले, आणि एका पापुद्र्यावर राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक, चकचकीत ठिपके. दहापट भिंगातून ते शिंपल्यांच्या जोडीसारखे दिसतात, ऑस्ट्रॅकॉड. तळ्याच्या तळाशी सरपटणारे जीव. बेडकांच्या त्याच तळ्यातले. मी तो पापुद्रा काचेखाली ठेवला आहे, १९८६ च्या काळ्या कागदाशेजारी. कागदावरचा फेव्हिकॉल पिवळा पडलाय आणि डाव्या पायाचं एक बोट गळून गेलंय.

गेल्या आठवड्यात भाच्याने फोटो पाठवला. टेकडीच्या मागच्या अंगाला, झोपड्यांच्या वर, अजून एक उघडा कडा आहे. वर तपकिरी बसाल्ट, आणि खाली काळी पट्टी. किती जाड ते फोटोवरून कळत नाही. त्याला सांगितलंय, पुन्हा जाशील तेव्हा पट्टीला टेकवून शाळेतली फूटपट्टी धर आणि मग फोटो काढ.